वीतभर मोठं चाक

माझी आई टेम्पोची मालकीण होती. हे वाक्य मी आयुष्यभर, जिथे म्हणून संधी मिळेल तिथे, टाकत आले आहे. लग्न ठरताना सासरच्या माणसांपुढे टाकलं, शाळेत नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापकांपुढे टाकलं, आणि आता नातवंडांपुढे इतक्यांदा टाकलंय की मी तोंड उघडलं की तीच आधी म्हणतात, "टेम्पोची मालकीण." म्हणोत बापडी. ती एकटी मालकीण नव्हती, हे मात्र मी नेहमी जरा मागाहून सांगते. आगरदांड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यातल्या पाच बायकांनी मिळून तो टेम्पो घेतला होता. आपली मासळी आपणच अलिबागच्या बाजारात न्यायची, मधला व्यापारी नको, हे डोकं आईचं, हिराबायचं. बाकीच्या चौघी तिच्या शब्दावर आल्या होत्या, आणि आपला शब्द चालतो हे आईला चांगलंच ठाऊक होतं. ती वाड्यातून चालायची तीच मुळी पदर खोचून, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी.

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो टेम्पोच्या आवाजाने. धाकूमामा, म्हणजे आईचा पाठचा भाऊ, तो चालवायचा. थंडीत इंजिन चालू व्हायला कुरकुर करायचं, खोकायचं, आणि मग एकदम धडधडायला लागलं की आमच्या फळीवरची जर्मनची ताटं वाजायची. त्या वाजण्यावर आई उठून चूल पेटवायची. तांदळाची भाकरी, रात्रीचं मांदेलीचं आंबट, आणि मामासाठी निखाऱ्यावर भाजलेले दोन सुके बोंबील. ते तो भाकरीत दाबून गाडीतच खायचा. बाबा बोटीवर असायचे, घरी आले तरी झोपलेले असायचे. त्यामुळे घरातला बोलता पुरुष म्हणजे मामाच. बोलता म्हणायचं इतकंच, कारण मामा दिवसाकाठी जेवढं बोलायचा तेवढं पारूमावशी एका श्वासात बोलून टाकायची.

पारूमावशी ही पाच जणींतली दुसरी. आईनंतर तिचा आवाज. डिझेलवर लक्ष ठेवायचं काम तिने स्वतःहून घेतलं होतं, आणि त्यासाठी तिची एक काठी होती. बांबूची, विळ्याने खाचा पाडलेली. टेम्पो निघताना टाकीचं झाकण काढून ती काठी आत सोडायची, ओली कुठवर झाली ते बघायची, आणि परत आल्यावर पुन्हा तेच. कोळीवाड्यात डिझेल ही मोठी संशयाची चीज. टेम्पोलाही तेच लागतं आणि बोटीलाही तेच. टाकीत नळी घालून कॅनभर काढलं आणि बंदरावर कुणाच्या बोटीत ओतलं तर कोण बघतंय? म्हणून ही काठी. मी कॉलेजला जाणारी, आकडे वाचता येणारी, म्हणून मीटर बघून किती किलोमीटर झाले ते सांगायचं काम माझ्याकडे. ज्या दिवशी बोटी बंद असायच्या त्या दिवशी आमच्या ओटीवर पाचही जणी बसायच्या. मी किलोमीटर सांगायची, पारूमावशी खाचा सांगायची, आणि गाडी काय एव्हरेज देते ते तोंडी ठरायचं. मामा अंगणात उकिडवा बसून ऐकायचा. अलिबागची फेरी झाली की दुपारी तो भाडी मारायचा, कधी नागावहून नारळ, कधी विटा, त्यामुळे रोजचे किलोमीटर वेगळे असायचे. पण एव्हरेज ठरलेलं असायचं, त्यात फरक पडत नसे.

आता चाकांची गोष्ट. ओहोटीच्या वेळी बोटी लांब राहायच्या आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायकांना ओल्या वाळूतून खूप चालावं लागायचं. म्हणून मामा चाकांतली थोडी हवा सोडायचा, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही, आणि टेम्पो पार बोटीपर्यंत न्यायचा. वर आलं की हातपंपाने पुन्हा हवा भरायची. हे सगळं जमत होतं, पण वेळ जायचा, आणि बाजारात पहिली जागा मिळवायची हा आईचा रोजचा हट्ट. एकदा घाईत टेम्पो रुतला. भरती लागलेली. पाणी चाकांना लागलं, मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्याला, आणि शेजारच्या वाड्यातल्या बायका काठावर उभ्या राहून हसल्या. दोरखंड लावून पोरांनी गाडी ओढून काढली, पण ते हसणं आईच्या डोक्यातून काही जाईना.

पुढे कधीतरी ती मुंबईला एका लग्नाला जायचं म्हणून लाँच पकडायला मांडव्याला गेली, आणि तिथे धक्क्याजवळच्या वाळूत तिने एक जीप बघितली. उंच चाकांची. वाळूतून कशी चालत गेली ते सांगताना आई स्वतःच अंगणात चालून दाखवायची. झालं, तिच्या मनाने घेतलं. तसेच मोठे टायर आपल्या टेम्पोला. मामाने नको म्हणून सांगितलं. मला ते पक्कं आठवतं, कारण तो एरवी आईला नको म्हणतच नसे. भाकरी हातात धरून तो म्हणाला, "ताय, गाडीचं माप ठरलेलं हाय. मोठी चाकं वडायला इंजिनला जोर पुरनार न्हाय." आई म्हणाली, तुला वाळूत रुतायचीच हौस असेल तर तसं सांग. मामा भाकरी घेऊन गाडीकडे गेला. दुसऱ्या आठवड्यात पनवेलहून जुने पण जाड, एक साईज मोठे टायर आले. वळताना ते मडगार्डला घासायला लागले, तेव्हा आईने वेल्डरकडून मडगार्डच कापून घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवशी टेम्पो वाड्यात आला तो दोन बोटं उंच होऊन, आणि आई पुढे बसलेली. पारूमावशीने नारळ फोडला. मी कॉलेजच्या मैत्रिणींना मुद्दाम घेऊन आले होते दाखवायला.

वाळूचं काम खरंच फत्ते झालं. टेम्पो बोटीला जाऊन टेकायचा आणि हवा न सोडता परत यायचा. बाजारात पहिली जागा आमची. पण पुढच्या बैठकीत मी किलोमीटर सांगितले, पारूमावशीने खाचा सांगितल्या, आणि एव्हरेज काही जुळेना. गाडी आधीपेक्षा कमी धावली होती आणि डिझेल जास्त गेलं होतं. एकदा होतं असं म्हणून सोडून दिलं. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी पारूमावशीने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि अंगणाकडे बघत विचारलं, "धाकू, कनाच्या बोटीत वततोस रं?"

मामाने मान वर केली. त्याने पारूमावशीकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. मी आईच्या शेजारीच बसले होते. तिला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले, पण ती बोलली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं काय झालंय ते. किलोमीटर तिच्या लेकीने वाचलेले, खाचा तिच्या मैत्रिणीने मोजलेल्या, मग डिझेल गेलं कुठे? मामा उठला, खिशातली चावी काढून ओटीच्या कडेला ठेवली आणि चालू लागला. त्या संध्याकाळी घरात कालवण केलं होतं ते कुणी खाल्लं नाही. दोन दिवसांत तो बंदरावर एका बोटीवर खलाशी म्हणून लागला. आणि आमच्याकडे बातमीला पाय फुटायला काय वेळ लागतो? पेट्रोल पंपावर, रेवदंड्याच्या चहावाल्याकडे, बाजारात, सगळीकडे एकच: हिराबायचा भाऊ डिझेल विकायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मुरुडचे रशीदभाई बदली ड्रायव्हर म्हणून आले. वयस्कर, सावकाश चालवणारे. ते फक्त सकाळची अलिबागची फेरी करायचे आणि मला पुढे बसवायचे. काशीदच्या चढावर ते सारखे गिअर मागे टाकायचे. धाकूमामा ज्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जायचा तिथे टेम्पो दुसऱ्यावरही रडत होता. रशीदभाई म्हणायचे, गाडी फार जड चालते, बैलाला मोठं जू घातल्यासारखी. घरी आल्यावर पारूमावशीने काठी टाकली. मोठ्या चाकांवर मामाच्या वेळी या फेरीला जात होतं तितकंच डिझेल गेलेलं. ती म्हणाली, हा पन चोर दिसतो. मी म्हटलं, मावशी, मी अख्खा रस्ताभर शेजारी बसले होते, यांनी डिझेल काय डोळ्यांनी काढलं? तेव्हा कुठे ती जरा चपापली.

दुसऱ्या दिवशी मी मन लावून रस्ता बघितला. रेवदंड्याच्या पुढे रस्ता सपाट आहे आणि कडेला किलोमीटरचे हिरवे-पांढरे दगड. एक दगड गेला की मी मीटरकडे बघायची. दहा दगड गेले आणि मीटर नऊच म्हणत होता. परत येताना पुन्हा बघितलं. पुन्हा नऊ. म्हणजे गाडी दहा धावते आणि मी आपली ओटीवर बसून नऊ सांगते! घरी येऊन मी आईला हाताला धरून परसात नेलं. जुने टायर तिथेच पडलेले, त्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. आईने जाळं विणायचा सुताचा दोरा आणला, कोंबडीला हुसकलं, आणि जुन्या टायरभोवती दोरा गुंडाळून गाठ मारली. मग तोच दोरा नव्या चाकाभोवती. पुरला नाही. चांगला वीतभर कमी पडला. आई दोऱ्याची दोन टोकं हातात धरून चाकापुढे बसून राहिली. चाक एकदा फिरलं की गाडी आधीपेक्षा वीतभर पुढे जाते, आणि मीटर बिचारा चाकाचे फेरेच मोजतो, रस्ता कुठे मोजतो? हे मला तिला समजावून सांगावं लागलं नाही. जाळं विणणाऱ्या बाईला फेरा आणि लांबी शिकवायची नसते.

परवा माझा भाचा त्याची नवी गाडी घेऊन आला होता. नागावला त्याचं होमस्टे आहे, पाहुण्यांना किनाऱ्यावर फिरवायला म्हणून त्याने चारी चाकं बदलून ही एवढाली घातलीयत, बाहेर आलेली. मी विचारलं, एव्हरेज काय पडतं रे? तो हसला. म्हणाला, मावशी, आता कंप्युटर सांगतो सगळं, समोर आकडा येतो. मी म्हटलं, चाकं बदलली हे कंप्युटरला सांगितलंस का? तो समोरच्या आकड्याकडे बघायला लागला. सांगायला लागतं, बाबा. आणि सांगितलंस तरी तेवढ्याने तुझं डिझेल वाचणार नाही, फक्त आकडा खरा येईल. हे मला कुठल्या इंजिनिअरने शिकवलेलं नाही, माझ्या आईने शिकवलं, आणि ते असं.

मीटरची चूक सापडली म्हणून मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. मी म्हटलं, आये, सुटलो आपण. मीटर खोटा, मामा खरा. बायकांना एवढंच सांग, संपलं. आईने दोरा बोटांभोवती गुंडाळला. मग तिने विचारलं, मीटरची चूक धरली तर किती डिझेलचा हिशेब सुटतो? मी हिशेब केला. जास्त गेलेल्या डिझेलपैकी थोडंच त्यात बसत होतं. बाकीचं उरतच होतं. काठीला मीटरशी काही देणंघेणं नव्हतं. टाकीतलं डिझेल खरंच जास्त जळत होतं. चाकं जड, चाकं मोठी, इंजिनला ती फिरवायला जोर लागणार, प्रत्येक चढाला गिअर मागे टाकावा लागणार. मामा भाकरी हातात धरून जे म्हणाला होता तेच. मी हळूच म्हटलं, तेवढं नाही कुणी विचारणार. पारूमावशीला मीटर दाखवला की ती गप्प बसेल.

आई म्हणाली, "नि उरलेलं कनाच्या नावावर ऱ्हाईल? धाकूच्याच ना?"

त्या वयातही मला कळलं की ती काय करायला निघाली आहे. मीटरवर सगळं ढकललं असतं तर तिचा शब्द वाड्यात तसाच राहिला असता. मोठी चाकं हा तिचा मान होता. सगळ्या जणी तिच्या भरवशावर आल्या होत्या, आणि आता तिला त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की चूक माझी, भावाने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्याला चोर म्हणाल्या तेव्हा मी बसून राहिले. आमच्या आईला साधी मिठाची चूक कबूल करायची म्हणजे संकट वाटायचं.

सकाळी तिने चौघींना टेम्पोत चढवलं. मासळी भरलेलीच होती. रेवदंडा मागे पडल्यावर तिने पारूमावशीला दगड मोजायला लावले आणि मला मीटर. पारूमावशी मागून खिडकीतून ओरडून दगड सांगत होती, मी पुढून आकडा. पाचव्या-सहाव्या दगडापासून तिचा आवाज बारीक व्हायला लागला. दहाव्याला आईने गाडी थांबवायला सांगितली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि दोरा काढून चाकाला लावून दाखवला. पारूमावशी म्हणाली, म्हणजे मीटरच चुकतोय होय, बाय गो, मग काय, झालं. तिलाही सुटकाच हवी होती. बाकीच्या चढायलाही लागल्या. आई जागची हलली नाही.

"झालं न्हाय. डिझेल खरंच जास्त जातंय. माज्या चाकांनी. धाकूनं मना आधीच सांगितलं हुतं, मी त्याला गप केला. आनि तू त्याला चोर म्हनलीस तवा पन तो माजं नाव घेत न्हवता."

रस्त्याच्या कडेला पाच बायका उभ्या, मागे बर्फ वितळतोय, पाणी ठिबकतंय. मला वाटलं आता कोणीतरी आईला बोलणार. कुणी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं, तिची तयारी होती. पारूमावशी पुढे आली, तिने त्या मोठ्या टायरवर एक सणसणीत लाथ मारली, आणि मग स्वतःचाच पाय धरून खाली बसली. आम्ही हसलो. रशीदभाई तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते.

त्याच दुपारी परसातले जुने टायर काढले. गॅरेजवाल्याची कुणी वाट बघितली नाही. जॅक लावला, पान्याने नट हलेनात तेव्हा पारूमावशी पान्याच्या दांड्यावर उभी राहिली, खांद्याला धरून आम्ही तिला तोललं, आणि कडकड करत नट सुटले. संध्याकाळी टेम्पो पुन्हा बुटका झाला, कापलेल्या मडगार्डसकट. तसाच तो पुढे कित्येक वर्षं फिरला, आणि वाळूत जाताना पुन्हा हवा सोडणं आलं, वर आल्यावर पंप मारणं आलं, बाजारात कधी दुसरी कधी तिसरी जागा मिळणं आलं. आईने त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही.

मामाला आणायला आई एकटी जाते म्हणाली, पण मी मागे लागलेच. बंदरावर बोट धुवायचं काम चाललं होतं, मामा कमरेएवढ्या पाण्यात, आणि काठावर दहा-पंधरा माणसं. आईने त्याला बाजूला बोलावलं नाही. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने चाकांचं सगळं सांगितलं. मामा ब्रश हातात धरून ऐकत राहिला. मग पाण्यातून वर आला, लुंगी पिळली आणि म्हणाला की ताय, मला ठाऊक होतं सगळं. बोललो असतो तर त्या ओटीवर तुझं काय राहिलं असतं? माझं काय, मी बोटीवरही भाकरी खातो. आई मटकन धक्क्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. माझ्या समोर ती त्यानंतर कधी रडली नाही, बाबा गेले तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मामा टेम्पोवर आला. आता निघून सरळ बाजार गाठायचा, तर आईने पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली. डिझेल भरायचं नव्हतं. ती उतरली, पंपावरच्या माणसांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, धाकूने थेंब विकला नाही, चाकं माझी होती, डिझेल माझ्या चाकांनी खाल्लं. मामा म्हणत होता, जाऊ दे गो. पुढे रेवदंड्याला चहावाल्याकडे पुन्हा थांबायला लावलं. तिथे पुन्हा तेच. चौलला पंक्चरवाला, नाक्यावरचे रिक्षावाले, जिथे जिथे म्हणून ती बातमी पोचल्याचं तिला माहीत होतं तिथे तिथे. मागे पापलेटं मऊ पडत होती, पारूमावशी एकदाही घाई कर म्हणाली नाही. आम्ही अलिबागच्या बाजारात पोचलो तेव्हा सगळ्यांनी मासळी मांडून अर्धी विकलीही होती, आणि आम्हाला पार टोकाला, गटाराशेजारी जागा मिळाली. माझी आई, जिने पहिल्या जागेसाठी टेम्पोचं मडगार्ड कापलं, तिने तिकडे बघितलंही नाही. पाट्या तशाच झाकलेल्या ठेवून ती पहिल्या ओळीपासून एकेका कोळणीपुढे थांबून सांगायला लागली, आणि मामाला दंडाला धरून बरोबर फिरवायला लागली. मामाचे कान लाल झाले होते.

"ताय, पुरं गो आता. मासली सडंल."

"सडू दे," आई म्हणाली. "अजून अर्धा बाजार ऱ्हायलाय."